पाण्यात पाहणाऱ्यांचा चष्मा

ठाणे जिल्ह्यात गळ टाकून बसणारे लोक दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारचे घरी मासे आणतात, दुसऱ्या प्रकारचे घरी माहिती आणतात. पहिल्यांकडे बांबूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा, मळलेल्या कणकेची गोळी आणि वाटेल तेवढा वेळ असतो. दुसऱ्यांकडे कार्बन फायबरची काठी, जपानी रीळ, कप्प्याकप्प्यांची पेटी आणि रविवार सकाळचे दोन तास असतात, आणि त्यातला एक घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये जातो. माझा मेहुणा घोडबंदर रोडवरच राहतो. तो कुठल्या प्रकारात मोडतो हे वेगळं सांगायला नको.

त्याला छंद जडतो तो सामानासकट. आकाशदर्शनाचं वेड लागलं तेव्हा त्याने पहिल्या आठवड्यात दुर्बीण आणली. तिच्यातून शनीची कडी दिसायच्या आत समोर टॉवर उभा राहिला. यंदा मासे. ‘भावोजी,’ तो मला म्हणाला, ‘लोकांचं चुकतं कुठे माहितीये? लोक आधी गळ घेतात. आधी गॉगल घ्यायला पाहिजे. पोलराइज्ड. त्याच्याशिवाय पाण्यावर जाणं म्हणजे फुकट ऊन खाणं.’

‘तुला मासा दिसेल रे,’ त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘पण मासा पण तुला बघत असेल ना?’

हे ती भावाला टोमणा म्हणून म्हणाली, पण शास्त्र तिच्या बाजूला आहे. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दिसतं. ही खिडकी साधारण ९७ अंशांची असते आणि काठावरची माणसं तिच्या कडेला दाबली जाऊन बुटकी दिसतात. म्हणजे मेहुणा हजारो रुपये खर्चून माशाला शोधत असताना मासा मेहुण्याला आधीच पाहून घेतो, आणि तेही बुटका करून.

चष्म्याचं शास्त्र मात्र पक्कं आहे. उन्हाचा उजेड उभा, आडवा, तिरका, सगळ्या दिशांनी थरथरत येतो. पाण्यावर आपटून तो परत फिरला की त्यातला आडवाच जास्त उरतो, आणि आपल्या डोळ्यांत खुपते ती चकाकी म्हणजे हा आडवा उजेड. पोलराइज्ड काच उभ्याला आत घेते आणि आडव्याला बाहेर ठेवते. सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात उभा असलेला डोंबिवलीचा गट दिवा स्टेशनवर चढू पाहणाऱ्या माणसाशी वागतो तशी. आडवा बाहेर राहिला की पाण्याचा वरचा पडदा बाजूला होतो आणि आतलं दिसायला लागतं.

यात एक मेख आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. ही जादू सगळ्या पाण्यावर सारखी चालत नाही. पाण्याच्या बाबतीत ती सर्वांत चांगली चालते ती उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांच्या कोनात. डेव्हिड ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ साली या कोनाचा नियम बांधून दिला. हिशोब केला तर तुमचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच असतील तेव्हा हा चष्मा सगळ्यात छान काम करतो ते काठापासून दोन मीटरवरच्या पाण्यावर. मेहुण्याचं रीळ गळ फेकतं चाळीस मीटरवर. आणि मान वाकडी केली की उभं ते आडवं होतं, मग काच आपली निष्ठा बदलून नेमकी चकाकीच आत घेते. त्यामुळे हा चष्मा लावलेला माणूस मान ताठ ठेवून, दोन मीटरवर एकटक पाहत बसतो. लांबून तो साधना करतोय असं वाटतं.

या चष्म्याच्या घराण्याचा इतिहास मेहुण्याला ठाऊक नव्हता. मी तो त्याला सांगितला, कारण माहिती घरी आणण्याचा मक्ता काही एकट्या त्याचा नाही. १८०८ साली पॅरिसमध्ये एतियेन मालुस हा गृहस्थ हातात आइसलँडचा स्फटिक धरून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर पडलेलं मावळतीचं ऊन पाहत होता. स्फटिक फिरवला तसं ते ऊन कमीजास्त व्हायला लागलं. परावर्तित उजेडात काहीतरी शिस्त आहे हे असं कळलं. इथपर्यंत सगळं सभ्य घरात सांगण्यासारखं आहे.

पुढचा टप्पा इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा. तिथे विल्यम हेरापाथ नावाचा डॉक्टर होता. त्याच्या एका शिष्याने क्विनाइन खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं. क्विनाइन कशासाठी दिलं होतं हे कुत्र्याला कुणी विचारलं किंवा सांगितलं असेल असं वाटत नाही. लघवीत हिरवे, चमकदार स्फटिक तयार झाले. हेरापाथने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे पडले की ती जागा काळी ठिक्कर होते. १८५२ साली त्याने हे छापलं. जगातल्या तमाम पोलराइज्ड गॉगलांचं मूळ या ब्रिस्टलच्या कुत्र्यापाशी निघतं. हे ऐकल्यावर बायकोने भाजीची परात उचलली आणि ती आत गेली.

‘म्हणजे गॉगलमध्ये अजून ते...’ मेहुण्याने विचारलं.

नाही. आजच्या काचेत ताणून ताणून पातळ केलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि त्याला आयोडीन पाजलेलं असतं. कुत्रा केव्हाच निवृत्त झाला. पापुद्र्याची ही वाट पाडली ती एडविन लँड या अमेरिकन तरुणाने. त्याने हेरापाथच्या स्फटिकांबद्दल ब्रूस्टरच्याच पुस्तकात वाचलं, हार्वर्डमधलं शिक्षण सोडलं आणि १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला. पण मला तो आवडतो तो त्याच्या विक्रीच्या अकलेमुळे. अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीच्या साहेबांना त्याने बोस्टनच्या हॉटेलात बोलावलं. खिडकीत, नेमकी उन्हाची तिरीप येईल अशा जागी, काचेचं भांडं ठेवलं. साहेब आले. भांड्यावर इतकी चकाकी की आत काय आहे कळेना. लँडने त्यांच्या हातात आपला पापुद्रा दिला आणि आत गोल्डफिश फिरताना दिसले. करार झाला, गॉगल बाजारात आले. म्हणजे हा चष्मा पहिल्या दिवसापासून मासा दाखवूनच गळ्यात मारला गेलाय. त्यात आपण काही नवीन करत नाही.

आपल्याकडे हा प्रयोग पैसे न मिळवता झाला. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन ‘नारकुंडा’ या बोटीने प्रवास करत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा थोरामोठ्यांचं मत होतं. रामन यांच्या खिशात निकोल प्रिझम होता. हा त्या काळचा पोलराइज्ड चष्माच, फक्त कान आणि नाक नसलेला. त्यांनी त्यातून योग्य कोनात पाहून पृष्ठभागावरची चकाकी घालवली, तरी निळा रंग हटेना, उलट जास्तच खुलला. निळाई पाण्याची स्वतःची ठरली. परतल्यावर बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिलं आणि तिथून सुरू झालेला विचार पुढे १९३०च्या नोबेलपर्यंत गेला. त्याच बंदराचं पाणी भरतीला ठाण्याच्या खाडीत शिरतं. रामन यांनी तो प्रिझम भूमध्य समुद्रावर धरला हे विज्ञानाच्या दृष्टीने बरं झालं. कळव्याच्या पुलावर धरला असता तर रंगाचा प्रश्न फारच अवघड झाला असता.

तर दुकान. नौपाड्यातलं, एसी असलेलं, आणि डोळे तपासणं मोफत असलेलं.

‘कशासाठी हवाय, साहेब? ड्रायव्हिंग?’

‘फिशिंग,’ मेहुणा म्हणाला.

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फ्रेमा पाहत असल्याचं दाखवलं.

‘कुठे करता?’

‘कोलशेतला. कधी कधी डोंबिवलीला, मोठागावला.’

‘खाडीत?’ दुकानदार क्षणभर थांबला. माणूस प्रामाणिक निघाला. ‘मग ड्रायव्हिंगचाच घ्या की.’

पण मेहुणा पाठ करून आला होता. त्याने पोलराइज्ड मागितला. दुकानदाराने काउंटरखालून एक कार्ड काढलं. नुसत्या डोळ्यांनी त्यावर राखाडी धुरकट चौकोन दिसतो. गॉगल लावला की त्या चौकोनात चित्र उमटतं. या कार्डावर मासा होता. मेहुण्याने गॉगल चढवला आणि ‘दिसला!’ असं इतक्या मोठ्याने ओरडला की डोळे तपासायला बसलेल्या आजोबांनी आतून ‘कुठल्या ओळीत?’ म्हणून विचारलं. हे कार्ड ज्याने शोधलं तो लँडच्या तोडीचा. या चष्म्यातून ठाणे जिल्ह्यात आजवर हमखास दिसलेला मासा हा एवढाच.

कार्ड नसलं तरी परीक्षा सोपी आहे. दोन पोलराइज्ड चष्मे एकमेकांसमोर धरून एक काटकोनात फिरवायचा. दोन्ही खरे असतील तर मधून काळोख दिसतो. एकच असेल तर एलसीडी पडद्यासमोर, म्हणजे कॅल्क्युलेटर, डिजिटल घड्याळ किंवा काही मोबाइल यांच्यासमोर धरून फिरवायचा. खरा असेल तर पडदा एका ठिकाणी मावळतो. स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर दोनशे रुपयांना ‘पोलराइज, साहेब, ओरिजिनल’ म्हणून जे मिळतं त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर धरला तर बेरीज अगदी स्वच्छ दिसते. मेहुण्याने या परीक्षेसाठी दुकानातला प्रत्येक चष्मा प्रत्येक चष्म्यासमोर धरला. दुकानदार बिचारा ‘साहेब, सगळे खरे आहेत’ म्हणत मागे मागे काचा पुसत राहिला.

मग रंग. करड्या काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात, ती भर उन्हात खोल समुद्रावर जाणाऱ्यांसाठी. तपकिरी किंवा तांबूस काच निळा उजेड कापते, उठाव वाढवते. नदी, तलाव, उथळ पाणी, ढगाळ हवा यांना ती बरी. पिवळी पहाटेला आणि तिन्हीसांजेला. वर निळा-हिरवा आरसा चढवला की बघणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसतं. त्याचा माशाला उपयोग नाही, पण फोटोला आहे. ‘जग कसं दिसायला हवंय तुम्हाला?’ दुकानदाराने विचारलं. माझ्यासारख्या डोंबिवलीकराला हा प्रश्न विचारू नये. आम्ही २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता पाहिलाय, तेही उघड्या डोळ्यांनी.

रंगावर पाऊण तास घालवणाऱ्या मेहुण्याने खरं महत्त्वाचं जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही, म्हणून मी विचारलं. काच पोलराइज्ड आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवते असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूव्ही ४०० असं लिहिलेलं असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. हे नसेल आणि काच नुसतीच काळी असेल तर ती साध्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधार समजून बाहुली मोठी होते आणि नको तो उजेड आणखी आत घेते. पाण्यावर ऊन दोनदा लागतं, वरून आणि खालून. जन्मभर होडीत काढलेल्या माणसांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांस वाढत येतं, मोतीबिंदू लवकर पिकतो. या एका गोष्टीसाठी मी गॉगलवर पैसे खर्च करायच्या बाजूचा आहे. बाकी सगळं हौस.

आणि नंबर! पन्नाशीच्या मासेमाराची खरी अडचण खोल पाण्यात नसते, हातात असते. गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवायला जवळचा चष्मा लागतो, बूच हललं का ते पाहायला लांबचा, आणि चकाकीला तिसरा. नंबरचा पोलराइज्ड करून मिळतो, दुभागी पण मिळतो, पण त्याची किंमत ऐकली की माणूस वर्षभराची सुरमई डोळ्यांसमोर आणतो. मेहुण्याला अजून नंबर लागलेला नाही. तो तपकिरी काचेचा, कानशिलापर्यंत वळलेला, बाजूनेही उजेड येऊ न देणारा गॉगल घेऊन बाहेर पडला. सोबत पाण्यात पडू नये म्हणून मानेमागची दोरी. दोरीचे वेगळे पैसे.

मोठागावच्या काठावर, माणकोलीच्या नव्या पुलाच्या अलीकडे, ओहोटी लागली की आजूबाजूच्या पाड्यांतली काही जाणती माणसं येऊन बसतात. या काठाने मोठमोठी गलबतं पाहिलीत. कल्याण हे एके काळी परदेशी व्यापाऱ्यांच्या ग्रंथांत नोंदलेलं बंदर होतं, आणि दुर्गाडी किल्ल्याखाली शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. आता खाडीत दिसतो तो गाळ, रेती आणि एखादी होडी. तिथे एक बाबा उकिडवे बसले होते. काठी नाहीच. तंगूस तर्जनीवरून खाली सोडलेला, बोट किंचित वाकवलेलं. शेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात दोन बोईट आणि मिशा हलवणारा एक शिंगाळा. डोक्याला टॉवेल आणि डोळ्यांवर, मेहुण्याने ते आधी टिपलं, कानशिलापर्यंत वळलेला, बाजूनेही उजेड येऊ न देणारा काळा चष्मा.

‘बाबा, कुठल्या कंपनीचा?’

‘मोतीबिंदूचा,’ बाबा म्हणाले. ‘आपरेसनला गेलतो, तवा दिला फुकट.’

मेहुण्याने आपला गॉगल काढून त्यांना दिला. बाबांनी आपला काळा चष्मा नीट घडी करून खिशात ठेवला, नवा डोळ्यांवर चढवला, खाडीकडे बराच वेळ पाहिलं. मग जरा पुढे वाकून पाहिलं.

‘काय दिसतंय?’

‘चिखल,’ बाबा म्हणाले. ‘आदी पन चिखलच दिसं. आता जास्ती साफ दिसतंय.’

यापेक्षा अचूक परीक्षण मी कुठल्याही मासिकात वाचलेलं नाही. पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी काढते, पाण्यातला गाळ काढत नाही. आमच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी गाळ ढवळून जाते. पाण्याच्या आत उजेड वीतभर शिरला तरी खूप. तिथला बोईट दिसतो तो पाण्याबाहेर उडी मारली तर, आणि निवट्या दिसतो तो मुळात चिखलावरच बसलेला असतो म्हणून. जिताडा कुणालाच दिसत नाही, तो लागतो. तंगूस ताणला गेला की बाबांचं बोट सरळ होतं आणि मग कळतं. बाबांच्या त्या बोटाला नंबर नाही, यूव्ही नाही, काही नाही.

शहरातल्या तलावांवर तर हा चष्मा लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठाणं हे तलावांचं शहर. तलावपाळीला संध्याकाळी कोपिनेश्वराच्या बाजूने पाहिलं तर मासुंदा तलावाच्या पाण्यावर दिवे नाचतात, बोटी फिरतात, भेळवाल्यांच्या बत्त्या उलट्या दिसतात. हे सगळं सौंदर्य पाण्याच्या वरच्या कातडीवर आहे. गॉगल लावला की कातडी निघते आणि खाली काय आहे ते दिसतं: नारळ, निर्माल्य, कुणाची तरी चप्पल. पालिकेच्या सुशोभीकरणात सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ काम चकाकीने केलेलं आहे. ते पैसे देऊन पुसून टाकण्यात काय अर्थ आहे? उल्हास नदीवर मोहन्याच्या बाजूला जलपर्णी पसरली की हा प्रश्नही उरत नाही. तिथे चकाकी नसतेच, पाणीही दिसत नाही, हिरवळ दिसते, आणि गळ टाकला तर तो वरच राहतो.

बरं, जिल्ह्यात मासेमारीचा खरा सण कुठला? वलगण. पहिला मोठा पाऊस पडतो, ओढे-नाले लाल होऊन वाहतात, आणि अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलटे शेताकडे चढू लागतात. बदलापूर, मुरबाड, शहापूरकडची माणसं पाग, टोपली, काठी, कोयता जे हाताला लागेल ते घेऊन निघतात. अंडी पोटात असलेले मासे असे सरसकट मारू नयेत असं जाणकार सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण त्या रात्री जाणकार सहसा घरी असतात. रात्री म्हणालो ते मुद्दाम. वलगण म्हणजे रात्र, धो धो पाऊस, गढूळ पाणी आणि हातात बॅटरी. मेहुण्याने विचारलं, ‘तिथे पिवळी काच चालेल का?’

काच चालते अशा जागाही आहेत, मी अन्याय करणार नाही. थंडी पडली की टिटवाळ्याच्या वरच्या अंगाला काळू नदीचं, बदलापूरच्या वर उल्हासचं पाणी बऱ्यापैकी निवळतं. सकाळी दहाच्या सुमारास उतारावर उभं राहून तपकिरी काचेतून पाहिलं तर तळचे गोटे, त्यावरचं शेवाळ आणि गोट्यांच्या सावलीत उभी असलेली चिलापी दिसू शकते. दिसते तिथे ती नसते हे लक्षात ठेवायचं. पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकतो, मासा खऱ्यापेक्षा वर आणि जवळ भासतो, आणि हे वाकणं कुठल्याच गॉगलने सरळ होत नाही.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे वाड्याजवळचं तिळसे. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, ते आमच्याच जिल्ह्यात होतं. वैतरणेच्या पात्रात महादेवाचं देऊळ आहे आणि देवळापाशी पाण्यात महसीर मासे आहेत, हातभर लांबीचे, थोराड खवल्यांचे. मेहुण्याला मी तिथे नेलं. त्याने गॉगल चढवला, मान ताठ केली, ५३ अंश साधले, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. एक मासा वळला, दुसरा त्याच्या खालून गेला, खवल्यांच्या कडा सुट्या सुट्या मोजाव्यात इतक्या साफ. तेवढ्यात शेजारच्या बाईने लाह्या टाकल्या आणि ते सगळे मासे पायरीशी येऊन पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासून उभे राहिले. गॉगल नसलेल्या सगळ्यांना दिसले. लहान मुलांना तर आधी दिसले.

‘इथे गळ...’ मेहुणा हळूच म्हणाला.

इथे गळ नाही. हे देवाचे मासे, त्यांना कुणी हात लावत नाही. कायद्याच्या कितीतरी आधीपासून हा बंदोबस्त आहे. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंडीतही असाच प्रकार आहे, तिथे वरदायिनीचं राज्य. जिथे पाणी नितळ आणि मासा नजरेसमोर, तिथे देव राखण करतो. जिथे गळ टाकायला मोकळीक, तिथे खाडी स्वतःच राखण करते. मेहुण्याने गाडीत बसताना गॉगलची दोरी तीन वेळा गुंडाळली आणि सोडली.

परतीच्या वाटेवर त्याने सुचवलं की मासळी बाजारावरून जाऊ. रिकाम्या हाताने बहिणीसमोर जायचं नव्हतं. डोंबिवली पश्चिमेला दुपारच्या टळटळीत उन्हात आम्ही टोपल्यांसमोर उभे राहिलो. गॉगल डोळ्यांवरच.

‘मावशी, खाडीचं काय आहे?’

मावशीने जिताडा उचलला, कल्ले उघडून लालभडक आतला भाग दाखवला, बोटाने पाठ दाबून दाखवली. मेहुणा वाकला. ‘ताजा वाटत नाही,’ तो म्हणाला. ‘अंगावर चमक नाही.’

मावशीचा सुरा हवेत थांबला. ओल्या माशावरची पाण्याची झिलई म्हणजे शेवटी परतलेला उजेडच. मेहुण्याच्या नाकावर बसलेली काच ती इमाने-इतबारे पुसून टाकत होती. ‘चमक नाय?’ मावशी म्हणाली. ‘अरं मेल्या, तुज्या डोल्यावर रात केलीस नि माज्या मासलीला चमक मागतोस?’

शेजारच्या टोपलीत माकूळ होते. गंमत म्हणजे माकुळाच्या जातीला उजेड उभा की आडवा हे जन्मतःच कळतं. मेहुण्याने जे विकत घेतलं ते त्याला आयतं मिळालेलं असतं. त्या माकुळाला हे सांगून काही उपयोग नव्हता, तो बर्फात होता.

भाव ठरला. मेहुण्याने मोबाइल काढला, उन्हापासून वाचवायला आडवा केला आणि पडदा काळा ठिक्कर पडला. त्याने बटण दाबलं. परत दाबलं. ‘फोन बंद पडला वाटतं, मावशी.’

‘उधार नाय,’ मावशी म्हणाली, आणि जिताडा परत टोपलीत गेला.

गॉगल काढ, असं मी म्हणणार होतो. पण त्याला आपलं सगळं ज्ञान एकदम आठवलं. त्याने फोन तसाच ठेवला आणि मान खांद्यापर्यंत तिरकी केली. पडदा उजळला. त्याच अवस्थेत, एक कान खांद्याला टेकवून, त्याने कोड टिपला, रक्कम भरली, पिन दाबला. टोपलीमागच्या डबीने पैसे मिळाल्याचं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं. एवढा मोठा आकडा ऐकून माकूळवाल्या मावशीने हाक दिली, ‘दादूस, ह्यो पन ने, सस्ता लावते,’ आणि मेहुणा, मान तशीच तिरकी ठेवून, तिकडे वळला.